माहेरचा जन्मदाखला, बाल आधार आणि पासपोर्ट: सगळीकडे बोट घालणाऱ्या लेकीला घेऊन

आमच्या लेकीचा पासपोर्ट ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात घरी आला. कामाला हात घातला होता जूनमध्ये. मधल्या काळात जन्मदाखल्यात तिचं नाव लावणं, त्याच दाखल्यात माझं नाव दुरुस्त करून घेणं, बाल आधार आणि मग पासपोर्ट असं ओळीने होत गेलं. एकेक काम ऐकायला किरकोळ. पण दिवसभर ‘हे काय?’ विचारत फिरणाऱ्या, सांगितल्याशिवाय जागचं न हलणाऱ्या माणसाला काखेत घेऊन खिडकीसमोर उभं राहायचं म्हटलं की त्याचं वजन वाढतं. मी विचारायला गेले तेव्हा सोसायटीत प्रत्येकीने वेगळंच सांगितलं होतं. म्हणून झालं तसं लिहून ठेवते.

निमित्त मस्कतचं. माझी नणंद तिकडे असते आणि भाचीला तिने अजून फोनवरच पाहिलंय. “डिसेंबरात या,” म्हणाली. आम्हा दोघांचे पासपोर्ट होते, लेकीचा काढायचा होता. नवऱ्याने एका रविवारी फॉर्म उघडला आणि दहा मिनिटांनी लॅपटॉप बंद केला. “आधी दाखला काढ कपाटातून.”

लेक ऑक्टोबर 2023 मधली, नवरात्रातली. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी होते. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मतं तिथल्या निबंधकाकडे होते, आईबाप पुण्यात राहतात का पनवेलला, याच्याशी तिचा संबंध नाही. हॉस्पिटलने 21 दिवसांच्या मुदतीत नगरपालिकेला कळवलं होतं आणि पुढे माझ्या वडिलांनी दाखला आणून ठेवला होता. त्यात बाळाच्या नावाचा रकाना रिकामा, कारण बारसं तोवर व्हायचंच होतं. असे बिननावाचे दाखले घरोघरी असतात. नाव नंतर लावता येतं: जन्मनोंदणीपासून वर्षाच्या आत गेलात तर शुल्क नाही, त्यानंतर थोडं विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत.

रिकाम्या रकान्याची फिकीर नव्हती. अडचण खालच्या ओळीत होती. ‘आईचे नाव’ इथे माझं नाव, त्यापुढे नवऱ्याचं नाव, त्यापुढे सासरचं आडनाव. मी लग्नानंतर नाव बदललेलं नाही. आधार, पॅन, पासपोर्ट, बँक, सगळीकडे माहेरचंच आहे. हॉस्पिटलच्या काउंटरवर कोणीतरी नवऱ्याचं ओळखपत्र बघून माझं नाव जुळवून टाकलं असणार. मला विचारायला कोणी आलं नाही, मी तेव्हा आत कळा देत होते.

“चालतंय की, मुलीचा फॉर्म आहे, तुझा थोडाच?” असं तीन-चार जणांनी सांगितलं. पण पासपोर्टच्या अर्जात आई-वडिलांची नावं येतात, त्यांच्या पासपोर्टचे नंबर येतात आणि ती नावं जन्मदाखल्याशी पडताळतात. शिवाय आता दाखल्याला पर्यायच उरलेला नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात 2023 मध्ये बदल झाला आणि तो 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाला. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या जन्मतारखेचा पुरावा म्हणजे जन्मदाखलाच. पासपोर्टचे नियमही फेब्रुवारी 2025 मध्ये त्याप्रमाणे बदलले. तिच्या मोठ्या मावसभावाच्या वेळी शाळेच्या कागदावर भागलं होतं, हिच्या वेळी ते नाही. तेव्हा दाखला आधी सरळ करायचा असं ठरलं.

जूनच्या शेवटी जाणार होतो, पण माउलींची पालखी नेमकी लोणंद-फलटणच्या पट्ट्यात. त्या दिवसांत तिकडच्या रस्त्यावर गाडी घालण्यात अर्थ नसतो आणि नगरपालिकेची निम्मी माणसं वारीच्या बंदोबस्ताला. आषाढी होऊ दिली आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माहेरी गेलो.

जन्म-मृत्यूची खिडकी तळमजल्यावर. वडील तिथल्याच शाळेतून निवृत्त झालेले, त्यामुळे आत शिरताच, “गुरुजी, तुम्ही कशाला आलात? फोन करायचा ना!” मला वाटलं झालं काम. ओळखीचा उपयोग खुर्ची आणि चहा मिळण्यापुरता झाला, कागद सगळ्यांना लागतात तेवढेच लागले. नाव लावण्यासाठी आम्हा दोघांच्या सहीचा अर्ज, दोघांच्या आधारच्या प्रती आणि जुना दाखला. आईच्या नावाच्या दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज, माझा पासपोर्ट, विवाह नोंदणीचा दाखला आणि हॉस्पिटलचं पत्र, की आमच्याकडून कळवताना नाव असं गेलं, ते असं हवं होतं.

खिडकीवरच्या बाईंनी एक गोष्ट नीट समजावली. दुरुस्ती म्हणजे जुनी नोंद खोडत नाहीत. मूळ नोंद आहे तशीच राहते, समासात दुरुस्तीची नोंद होते आणि निबंधक तिथे तारखेसह सही करतात. “म्हणून आम्हाला पुरावा लागतो ताई, सही साहेबांची जाते.” हे कळल्यावर माझी चिडचिड बरीच उतरली.

हे बोलणं चाललं असताना लेकीला शाईचं पॅड सापडलं होतं. तिने बोट बुडवलं, बघितलं, वास घेतला, परत बुडवलं. बाईंनी न रागावता तिला एक रद्दी कागद आणि आवकचा शिक्का दिला. त्यानंतरची वीस मिनिटं मला मान वर करून बघावं लागलं नाही, इतकी शांतता. बाहेर आलो तेव्हा आजोबांच्या पांढऱ्या लेंग्यावर गुडघ्याच्या वर जांभळ्या शाईत ‘आवक’ उमटलेलं होतं, तिरकं, पण अक्षर न् अक्षर वाचता येईल असं. आईने तो लेंगा अजून धुवायला टाकलेला नाही.

हॉस्पिटलचं पत्र मिळायला जास्त वेळ गेला. पहिल्यांदा, “दोन वर्षं होत आली, आता कसं देणार?” मग रेकॉर्डवाले रजेवर. मग पत्र मिळालं तर त्यावर शिक्का नाही. आम्ही पुण्याला परतलो होतो, वडीलच खेपा घालत राहिले. ज्यांना असं पत्र घ्यायचंय त्यांनी एक करावं: मजकूर आपणच टाइप करून न्यावा. प्रसूतीची तारीख, डिस्चार्ज कार्डवरचा नंबर, चुकीचं नाव, बरोबर नाव, बस. त्यांना फक्त लेटरहेडवर छापून सही-शिक्का करायचा असला की काम पुढे सरकतं. आमचंही तसंच सरकलं.

मुलीच्या नावाचं घरात वेगळंच महाभारत झालं. दाखल्यात नुसतं तिचं नाव लावायचं, की आपल्याकडच्या रीतीने नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही? सासूबाई म्हणाल्या तिन्ही. नवऱ्याच्या मते नुसतं नाव पुरे. माझं म्हणणं एवढंच की काय ते एकदा ठरवा, कारण पुढे आधारला, पासपोर्टला आणि शाळेला तेच उतरवलं जाणार. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकीचं सगळं दिलेल्या नावाच्या रकान्यात जातं, म्हणजे वडिलांचं नाव लावलंत तर ते तिच्या नावाला चिकटूनच छापून येणार. शेवटी तिन्ही लावलं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एक ‘ए’ की दोन, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. एकावर आलो. मग एका कोऱ्या कागदावर मराठीत आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं, त्याचा फोटो काढला आणि पुढे प्रत्येक खिडकीवर तोंडाने सांगण्याऐवजी तोच पुढे केला. इतका साधा उपाय, पण त्याने फार वाचवलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वडिलांनी फोटो पाठवला: क्यूआर कोड असलेला नवा दाखला, नाव लागलेलं, आई माहेरच्या नावाने. छापण्याआधी त्यांनी स्क्रीनवर वाचून घेतला होता, मास्तरच ते. मूळ प्रती तीन घेतल्या. विलंब शुल्क आणि प्रतींचे पैसे मिळून एका वेळच्या पेट्रोलच्या पासंगालाही पुरले नसते, खर्च झाला तो सगळा येण्याजाण्याचा.

पासपोर्टसाठी आधार असलंच पाहिजे असं नाही. पण बाळवाडीत मागितलं होतं, म्हणून तेही याच झपाट्यात उरकून घेतलं. यासाठी जन्मगावी जावं लागत नाही, कुठल्याही आधार केंद्रावर होतं. आम्ही जवळच्या पोस्टात गेलो, 22 ऑगस्टला, बैलपोळ्याच्या दिवशी. सकाळी टोकन देतात ते संपायच्या आत पोचायला हवं, म्हणून लेकीला झोपेतून उचलून नेलं. परत असं करणार नाही. अर्धवट झोपेतली मुलगी आणि पोस्टाचा फोटो हे गणित जमत नाही. नशिबाने पोस्टाच्या दारात एक आजी मातीचे बैल घेऊन बसल्या होत्या. वीस रुपयांच्या जोडीने तासभर तारलं.

पाच वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे आणि डोळे घेत नाहीत. फक्त फोटो घेतात आणि आई किंवा वडील स्वतःचा ठसा देऊन ओळख पटवतात, पाल्याचं आधार त्यांच्या आधारशी जोडलं जातं. मी मशीनवर बोट ठेवलं, खाली हिरवा दिवा लागला. झालं. आता लेकीलाही बोट ठेवायचं. “तिचं घेत नाहीत,” असं मी म्हटल्यावर जो आवाज निघाला त्याने पलीकडच्या बचत खात्याच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. ऑपरेटर पोरगेलासा होता. त्याने स्क्रीनवर काहीतरी बंद केलं, मशीन तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, “ठेव गं दीदी.” तिने दहाही बोटं एकेक करून ठेवली. डोळ्यांच्या बुबुळांचं यंत्र तिने दुर्बीण म्हणून उलटं धरलं आणि त्यातून त्यालाच न्याहाळलं. फोटो त्याने त्याच क्षणी काढला असावा, कारण कार्डावर ती कोणाचा तरी तपास घेतेय असं दिसतं.

इथे एक सांगून ठेवते. ऑपरेटरसमोरच्या स्क्रीनशिवाय आपल्याकडे तोंड केलेली दुसरी स्क्रीन असते. सगळं लक्ष पोरीकडे असलं तरी तिथे एकदा शांतपणे वाचायचं. इंग्रजी टाइप केलं की मराठी आपोआप उमटतं आणि ते हमखास बिघडतं. आमच्या आडनावातला ‘ळ’ ‘ल’ झाला होता. सांगितल्यावर त्याने लगेच बदलला, पावती निघाल्यावर बदलायचं म्हणजे नवा हेलपाटा. नोंदणीला पैसे लागत नाहीत. मिळालेल्या पावतीवर 14 अंकी नोंदणी क्रमांक आणि तारीख-वेळ असते, त्यावरून संकेतस्थळावर चौकशी करता येते. गणपती आले, गेले, आणि सप्टेंबरच्या मध्यावर निळं बाल आधार तयार झालेलं दिसलं. मूल पाच वर्षांचं झालं की ठसे-डोळे देऊन ते अद्ययावत करावं लागतं, पाच ते सात या वयात ते मोफत आहे.

आता पासपोर्ट. अर्ज ऑनलाइनच भरायचा. अल्पवयीन मुलांसाठी शुल्क 1000 रुपये आणि आठ वर्षांखालच्यांना नव्या अर्जात 10 टक्के सवलत, म्हणजे आम्ही 900 भरले. दोन्ही पालकांच्या संमतीचं घोषणापत्र लागतं, त्याला ‘ॲनेक्शर डी’ म्हणतात. संकेतस्थळावरून छापून दोघांनी सही करायची, शिक्का-नोटरी काही नाही. पैसे भरल्यावर तारीख निवडायला मिळते. सकाळी साडेदहाची वेळ घेतली, कारण लेक एकला झोपते आणि त्याआधी दोन तास तिची मर्जी सर्वांत चांगली असते. सोयीची तारीख आधी घेऊन मग मुलाची झोप तिच्यात बसवायला जाऊ नका, झोप आधी बघा.

मोठ्यांचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात. चार वर्षांखालच्या मुलांचा मात्र आपण न्यायचा: साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, नजर समोर आणि कोणाचा हात दिसता कामा नये. आमची लेक जागेपणी तोंड मिटत नाही. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत स्टुलावर बसवली की ती उतरून कॅमेऱ्यामागे जायची, कारण बघण्यासारखं सगळं तिकडेच होतं. शेवटी नवरा स्टुलावर बसला, त्याच्या डोक्यावरून पांढरी चादर घातली आणि त्याच्या मांडीवर लेक. चादरीतून बाबांचा आवाज येतोय म्हटल्यावर ती आधी हबकली, मग खदखदून हसली, मग चादर ओढायला लागली. फोटोग्राफर काकांनी खिशातून वेफर्सचं रिकामं पाकीट काढून कॅमेऱ्याच्या वर चुरगाळलं. तिने वर बघितलं, तोंड मिटलं, विचारात पडली. तेवढ्यात काम झालं. आठ प्रतींचे 120 रुपये. पाकिटाचे पैसे काकांनी लावले नाहीत.

26 सप्टेंबरला मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात गेलो. कागद असे होते: जन्मदाखल्याची मूळ प्रत, आमचे दोघांचे मूळ पासपोर्ट आणि त्यांच्या स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती, ॲनेक्शर डी, फोटो, अपॉइंटमेंटची छापील प्रत, पत्त्यासाठी आधार आणि कोणी विचारलंच तर असावा म्हणून विवाह दाखला. आई-वडिलांपैकी एकाने बरोबर असलं तरी चालतं. आम्ही दोघं गेलो, कारण कागद धरायला एक आणि पोरगी धरायला एक माणूस लागतं.

आत मोबाइल बंद ठेवायला सांगतात, तेव्हा गाण्यांवर विसंबून जाऊ नका. आम्ही राजगिऱ्याचे लाडू, स्टिकरची वही आणि झाकणं उघडझाक करता येतील असे दोन रिकामे डबे नेले होते. स्टिकर खुर्च्यांना लागतात, ते परत काढत बसावे लागतात, हे लक्षात ठेवा. डबे उत्तम चालले. टोकन मिळालं, फलकावर नंबर लागायची वाट बघायची, तीन टप्पे: अ, ब आणि क काउंटर. ‘अ’वर कागद स्कॅन होतात, टाइप केलेली माहिती तुमच्यासमोर वाचून घेतात. ‘ब’वर अधिकारी मूळ कागद तपासतात, ‘क’वर मंजुरी.

‘ब’वरच्या साहेबांनी दाखला हातात घेतला, माझा पासपोर्ट उघडला, दोन्हीकडच्या माझ्या नावावर एकेकदा पेन टेकवलं आणि पुढचा कागद उचलला. जुलैपासून ज्याच्यामागे लागलो होतो त्याला एवढाच वेळ. विवाह दाखला मागितला, बघितला, परत दिला. मग लेकीकडे वळून, “काय गं, नाव काय तुझं?” तिने त्यांच्या स्टेपलरकडे बोट केलं. “हे काय?” साहेबांनी स्टेपलर वाजवून दाखवला. “अजून?” ते म्हणाले, “अजून नाही, मागे रांग आहे.” तिला पटलं नाही, पण तोवर आम्ही ‘क’कडे निघालो होतो. बारा वाजून गेले तेव्हा बाहेर, आणि गाडीत बसल्याबरोबर ती झोपली.

आमच्या बाबतीत पोलीस पडताळणी लागली नाही. मंजुरीचा, छपाईचा आणि स्पीड पोस्टात टाकल्याचा असे मेसेज येत गेले. मध्ये दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, शिवाय शनिवार-रविवार, म्हणून थोडं लांबलं. 9 ऑक्टोबरला पोस्टमन दादा आले. ओळखपत्र बघितल्याशिवाय ते पाकीट देत नाहीत, आणि शेजाऱ्यांकडे ठेवत नाहीत हे बरंच आहे. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो.

तिकिटाचं आधी कोणी बोललं नव्हतं म्हणून तेही लिहिते. दोन वर्षांखालच्या मुलाला विमानात मांडीवर नेता येतं आणि त्याचं भाडं मोठ्यांच्या मानाने थोडं असतं. वय बघतात ते प्रवासाच्या दिवसाचं, तिकीट काढल्याच्या दिवसाचं नव्हे, आणि परतीचा दिवसही त्यात आला. आमची लेक ऑक्टोबरात दोन वर्षांची झाली, प्रवास डिसेंबरचा, त्यामुळे तिला स्वतःची सीट घ्यावी लागली. ज्यांना हे वाचवायचंय आणि दाखल्यात काही दुरुस्ती आहे, त्यांनी मूल वर्षाचं व्हायच्या आत सुरुवात करावी. नावाचं विलंब शुल्कही वाचेल. आम्ही आपली खिडकीची सीट घेतली आहे. नणंदेने विचारलं, तीन तास बसेल का ती एका जागी? नवऱ्याने मुंढव्याचे ते दोन डबे बॅगेत आधीच टाकलेत.